ड्रॉ झालेला डाव अभ्यासाला कसा घ्यायचा (बर्लिन डिफेन्स उदाहरणाला धरून)

बुद्धिबळाची टूर्नामेंट संपली की जिंकलेला डाव आपण चार जणांना दाखवतो, हरलेला रात्रभर डोक्यात घोळत राहतो, आणि ड्रॉ म्हणजे बरोबरीत सुटलेल्या डावाची स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) घडी घालून बॅगेच्या कप्प्यात जाते ती तिथेच राहते. मीपण कितीतरी वर्षं हेच केलं. आता मात्र माझं ठाम मत झालंय की ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, समजून घ्यायची असेल तर चांगल्या ड्रॉसारखं दुसरं काही नाही, कारण जिंकलेल्या डावात बऱ्याचदा समोरच्याने मध्येच कुठेतरी घोडचूक केलेली असते आणि निकालाचा ओपनिंगशी फारसा संबंधच नसतो, पण चांगल्या ड्रॉमध्ये दोघांनी आपापला प्लॅन शेवटपर्यंत रेटलेला असतो आणि तरी कुणाचंच चाललेलं नसतं. ते का चाललं नाही हे शोधायचं. हे कसं करायचं ते एक खरा डाव घेऊनच सांगते, नुसतं हवेत बोलून उपयोग नाही.

डाव आहे २००० सालच्या लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा पहिला, व्हाईट कास्पारोव्ह, ब्लॅक क्रामनिक. कास्पारोव्ह १९८५ पासून चॅम्पियन, ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे) खेळून भल्याभल्यांना पटावरून उडवणारा माणूस, आणि हा डाव २५ चालींत ड्रॉ. वरवर बघितलं तर काहीच घडलं नाही असं वाटतं.

सगळ्यात आधी, इंजिन, म्हणजे पोझिशनला आकडा देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, बंद. हे मी सारखं सांगते कारण ड्रॉ डावात इंजिन लावलं की ते शून्य शून्य दाखवत बसतं आणि आपल्याला वाटतं की चला, बरोबरीच होती, विषय संपला. खरा पट मांडा, लाकडी असो प्लास्टिकचा असो, हाताने सोंगट्या हलवा, शेजारी वही ठेवा. आणि चाली पटपट खेळू नका.

आता ओपनिंग. घराच्या नावात अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, आणि प्रत्येक नंबरात आधी व्हाईटची चाल, मग ब्लॅकची. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट बी५, इथपर्यंत साधी रुय लोपेझ, आणि मग ३... घोडा एफ६, हे झालं बर्लिन. पुढे ४. व्हाईटचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेणं), घोडा ई४ वरचं प्यादं मारतो ५. डी४, घोडा डी६ ६. उंट सी६ वरचा घोडा मारतो, डीचं प्यादं उंट मारतं ७. डीचं प्यादं ई५ मारतं, घोडा एफ५ ८. वजीर डी८ वर वजीर मारून शह, राजा वजीर मारतो. आठ चालींत दोन्ही वजीर पटाबाहेर, ब्लॅकचा राजा डी८ वर मधोमध, त्याचं कॅसलिंग कायमचं गेलेलं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की ब्लॅकने हे स्वतःहून का करून घ्यावं, आणि हाच प्रश्न वहीत पहिल्या ओळीवर लिहायचा असतो. कुठलीही ओपनिंग घ्या, जी चाल तुम्हाला पटत नाही किंवा ज्या चालीचं कारण तुम्ही दुसऱ्याला सांगू शकत नाही ती पहिली चाल शोधा आणि तिच्यापाशी थांबा. पाठ किती चाली आहेत याला महत्त्व नाही, कितव्या चालीपर्यंत चालीचं कारण सांगता येतं याला आहे.

इथे थांबल्यावर काय करायचं तर प्यादी सोडून बाकी सगळं पटावरून उचलायचं. खरंच उचला, डोळ्यांनी बघायचंय ते. व्हाईटची प्यादी ए२, बी२, सी२, ई५, एफ२, जी२, एच२. ब्लॅकची ए७, बी७, सी७, सी६, एफ७, जी७, एच७. राजाच्या बाजूला व्हाईटची चार, ब्लॅकची तीन. वजीराच्या बाजूला ब्लॅकची चार पण त्यातली दोन एकाच सी फाईलवर (उभ्या रांगेवर) एकामागे एक, म्हणजे ती चार असून तिनाच्या कामाची. आता दोन्ही राजे ठेवा आणि नुसता हा शेवट खेळून बघा, कुणाबरोबर तरी किंवा स्वतःशीच. बहुतेक वेळा व्हाईट जिंकतो, कारण तो उजवीकडे चार प्यादी ढकलत पास्ड प्यादं (ज्याला पुढे अडवायला समोरच्याचं प्यादं उरलेलं नाही असं) काढतो आणि ब्लॅकला डावीकडे तसं प्यादं काढताच येत नाही. या दहा मिनिटांच्या खेळात सगळ्या ओपनिंगची चावी आहे. सोंगट्या बदलत गेलं की व्हाईटला बरं, म्हणून ब्लॅकने सरसकट बदलाबदली करायची नाही, आणि ब्लॅकला या सगळ्याच्या बदल्यात काय मिळालंय तर दोन्ही उंट.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये, या एका गोष्टीवर मी स्वतः डाव घालवलाय. टूर्नामेंटची शेवटची फेरी होती, मला ड्रॉ पुरेसा होता, मी ब्लॅक घेऊन बर्लिन खेळले आणि डोक्यात एकच की ड्रॉ पाहिजे म्हणजे सगळं बदलून टाकायचं. एक उंट घोड्याला दिला, मग दुसरापण दिला, मग हत्ती समोरासमोर आले तेव्हा तेही बदलले, आणि दर बदलीला मला हायसं वाटत होतं. शेवटी राजे आणि प्यादी उरली तेव्हा समोरच्याने शांतपणे एफ आणि जी ची प्यादी ढकलायला सुरुवात केली आणि माझी सी ची दोन प्यादी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी. त्यानंतर दहा-बारा चालींत डाव संपला. त्या दिवशी मला कळलं की ड्रॉ मागून मिळत नाही, ब्लॅकला या ओपनिंगमध्ये तो उंट जपून आणि घरं अडवून कमवावा लागतो.

बरं, मूळ डावाकडे. नववीपासून पुढे प्रत्येक चालीला एकच प्रश्न विचारायचा, या चालीने समोरच्याचं काय थांबलं? जिंकलेल्या डावात आपण विचारतो की या चालीने काय साधलं, ड्रॉमध्ये तो प्रश्न फारसा कामाचा नाही कारण साधलेलं काही दिसतच नाही, दिसतं ते फक्त अडवलेलं, आणि तेही नीट शोधलं तरच.

९. घोडा सी३, उंट डी७ १०. बी३, एच६ ११. उंट बी२, राजा सी८ १२. एच३, बी६ १३. हत्ती ए वरून डी१. ब्लॅकचा राजा कॅसलिंग न करताच पायी चालत सुरक्षित घरात निघालाय, वजीर नाहीत म्हणून ते चालतंय. हे लक्षात ठेवा, या ओपनिंगमध्ये राजा कधी सी८-बी७ कडे जातो तर कधी ई८ ला जाऊन बसतो, दोन्ही बघायला मिळतं आणि त्यावरून हत्ती कुठून निघणार ते ठरतं.

पुढे १३... घोडा ई७ १४. घोडा ई२, घोडा जी६ १५. घोडा ई१, एच५ १६. घोडा डी३, सी५ १७. सी४, ए५ १८. ए४, एच४. इथे पट थोडा वेळ तसाच ठेवा. डावी बाजू बघा, ए४-ए५, बी३-बी६, सी४-सी५, कुलूपच लागलं. म्हणजे व्हाईटने काही करायचं तर उजवीकडे चार प्याद्यांनीच, आणि तिकडे ब्लॅकने एच४ वर प्यादं नेऊन ठेवलंय. ही एच५-एच४ मला सुरुवातीला नुसती टाइमपास चाल वाटली होती. पण व्हाईटने जी४ केलं तर काय होतं ते पटावर करून बघा, ब्लॅक एन पासंटने (दोन घरं उडी घेतलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं) ते प्यादं मारतो, व्हाईटची साखळी तुटते आणि एच फाईल उघडते जिथे ब्लॅकचा हत्ती पहिल्यापासून उभाच आहे. म्हणजे चार प्याद्यांतलं एक प्यादं जागेवर गोठलं. एका साध्या प्याद्याच्या चालीने.

१९. घोडा सी३, उंट ई६ २०. घोडा डी५, राजा बी७ २१. घोडा ई३, हत्ती एच५ २२. उंट सी३, हत्ती ई८ २३. हत्ती डी२, राजा सी८ २४. एफ४, घोडा ई७ २५. घोडा एफ२, घोडा एफ५, आणि इथे ड्रॉ.

या शेवटच्या दोन चाली मला फार आवडतात. व्हाईटने अखेर एफ४ केलं, म्हणजे आता एफ५ करून पुढे सुटणार, आणि तेवढ्यात जी६ वरचा घोडा ई७ वरून फिरून एफ५ वर येऊन बसला, बरोबर त्या प्याद्याच्या नाकासमोर. प्यादं हलू शकत नाही, जी४ केलं तर एच४ चं प्यादं तयारच आहे. व्हाईटने घोड्याने घोडा मारला तर ब्लॅक उंटाने परत मारू शकतो आणि मग त्याच घरावर उंट बसतो. एफ५ हे पांढरं घर. व्हाईटचा पांढऱ्या घरांचा उंट कुठे आहे? तो सहाव्या चालीला सी६ वर दिलाय. सहाव्या चालीत ब्लॅकची प्यादी मोडायला जी किंमत दिली तिची वसुली ब्लॅकने पंचविसाव्या चालीत त्याच रंगाच्या घरावर केली. हे जेव्हा मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पट तसाच ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले होते. तुमच्या स्वतःच्या ड्रॉमध्येसुद्धा असा धागा शोधा, शेवटची पोझिशन समोर ठेवायची आणि विचारायचं की हे जे अडलंय ते ओपनिंगच्या कुठल्या चालीमुळे अडलं. नेहमी सापडेल असं नाही, पण सापडला की ती ओपनिंग तुमची झाली म्हणून समजा.

त्या मॅचचा संदर्भही बघायचा असतो, कारण ड्रॉ नुसता पटावर ठरत नाही. १६ डावांची मॅच, हा पहिलाच डाव, ब्लॅकने खेळून अर्धा गुण मिळाला तर क्रामनिकला उत्तमच. आणि त्याने हे एकदाच नाही केलं, पहिला, तिसरा, नववा, तेरावा अशा चार डावांत बर्लिन आलं आणि चारही ड्रॉ झाले. कास्पारोव्हला त्या मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही, क्रामनिकने दुसरा आणि दहावा जिंकला आणि मॅच ८.५–६.५ ने संपली. तेव्हापासून लोक या ओपनिंगला बर्लिनची भिंत म्हणायला लागले. म्हणून एक डाव झाला की त्याच ओपनिंगचे आणखी दोन-तीन ड्रॉ काढून शेजारी ठेवा आणि फक्त वाट कुठे फुटली तेवढं बघा.

सगळे ड्रॉ सारखे नसतात हेही सांगायला हवं. याच बर्लिनमध्ये एक रस्ता आहे ज्यात दोघं हात मिळवून लवकर घरी जाऊ शकतात. सहाव्या चालीला उंटाने न मारता डीच्या प्याद्याने ई५ मारलं, मग ब्लॅकचा घोडा बी५ वरचा उंट मारतो ७. ए४, घोडा बी वरून डी४ ८. घोडा मारतो, घोडा परत मारतो ९. वजीर घोडा मारतो, डी५ १०. ई चं प्यादं एन पासंटने डी६ वर मारतं, वजीर ते मारतो, आणि पुढे ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४, वजीर डी६, पुन्हा तेच, पुन्हा तेच. ग्रँडमास्टर लोकांमध्ये हा ड्रॉ कितीतरी वेळा झालाय. यातून शिकायचं ते एवढंच की व्हाईटने सहाव्या चालीला हा रस्ता धरला तर त्याला काय हवंय ते ओळखा, बाकी यावर वेळ घालवू नका.

आणि दुसऱ्या टोकाला २०१४ च्या सोचीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा सातवा डाव, कार्लसन व्हाईट, आनंद ब्लॅक, तीच बर्लिन, आणि ड्रॉ व्हायला १२२ चाली लागल्या. शेवटी कार्लसनकडे हत्ती आणि घोडा, आनंदकडे नुसता हत्ती. हा शेवट नीट खेळला तर बहुतेक वेळा ड्रॉच असतो, पण इतके तास बसून थकल्यावर तो नीट खेळत राहणं ही वेगळीच गोष्ट आहे. हा डाव अभ्यासताना ओपनिंग सोडून द्या, शेवटच्या पन्नासेक चाली घ्या आणि आनंदने राजा कुठे ठेवला, हत्ती किती लांबून वापरला तेवढंच बघा.

आता ड्रॉ कसा झाला याची नोंद. वहीत नुसतं अर्धा-अर्धा लिहू नका, ड्रॉचं कारणही लिहा: आपसात ठरला, पोझिशन तीनदा आली, पन्नास चालींचा नियम (तेवढ्या चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं), स्टेलमेट (शह नाही पण खेळायला चालही नाही), की मात करण्याइतक्या सोंगट्याच उरल्या नाहीत. तीनदावाल्या नियमात बहुतेकांचा गोंधळ असतो म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. चाल तीनदा यायची नसते, अख्खी पोझिशन तीनदा यायची असते, तोच खेळाडू चालीवर असला पाहिजे, कॅसलिंगचे आणि एन पासंटचे हक्क तेच असले पाहिजेत, आणि सलग यायची गरज नाही. वरच्या छोट्या ड्रॉमध्ये मोजून बघा, ब्लॅकचा वजीर डी६ वर आणि व्हाईटची चाल ही पोझिशन दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या चालीनंतर येते. म्हणजे क्लेम करायचा, ड्रॉ मागायचा, तर ब्लॅकने चौदावी चाल वजीर डी६ ही स्कोअरशीटवर लिहायची, पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला (पंचाला) बोलवायचं.

मी हे उलटं केलं होतं. हरायला आलेल्या डावात शह देत देत पोझिशन तिसऱ्यांदा आणली, आनंदाच्या भरात चाल खेळले, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. आर्बिटरने शांतपणे सांगितलं की आता चाल समोरच्याची आहे, क्लेमचा हक्क त्याचा. समोरच्याने अर्थातच क्लेम केला नाही, राजा दुसरीकडे नेला आणि मी हरले. नियम त्यांनी बरोबरच लावला, मलाच माहीत नव्हता. चुकीचा क्लेम केला तरी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि डाव पुढे चालू होतो, त्यामुळे बोलवण्याआधी स्कोअरशीटवर मोजून घ्या. पोझिशन पाच वेळा आली किंवा पंचाहत्तर चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं तर मात्र कुणी मागायची गरज नाही, डाव आपोआप ड्रॉ. आणि ड्रॉ ऑफर करायची तर आधी चाल खेळायची, मग तोंडाने विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि दोघांनी स्कोअरशीटवर कंसात बरोबरचं चिन्ह लिहायचं. ही खूण नंतर अभ्यासाला फार उपयोगी पडते कारण ऑफर कोणत्या चालीला आली आणि कुणी नाकारली हे कळतं. काही टूर्नामेंटमध्ये आपसात ड्रॉ करायला बंदी असते, सोफियाच्या २००५ च्या टूर्नामेंटपासून याला सोफिया रूल म्हणतात, तर खेळायच्या आधी नियम वाचून घ्या.

स्वतःच्या डावासाठी आणखी एक सवय लावा, दर चालीला जमलं नाही तरी दर चार-पाच चालींनी चालीशेजारी घड्याळात उरलेला वेळ लिहा, याला परवानगी असते. घरी आल्यावर जिथे एकदम पंधरा मिनिटं गेलेली दिसतील तिथे तुमची ओपनिंग संपली. पुस्तक काय म्हणतं ते सोडा, तुमची तिथे संपली. पुढच्या वेळी अभ्यास तिथून सुरू करायचा, पहिल्या चालीपासून नाही.

मग येतो तो भाग जो लोक टाळतात. जिथे ड्रॉ झाला ती पोझिशन मांडा आणि मित्राबरोबर पुढे खेळा, एकदा व्हाईट घेऊन, एकदा ब्लॅक घेऊन, पंधरा-पंधरा मिनिटांचं घड्याळ लावून. लंडनच्या डावाची शेवटची पोझिशन मी अशी खूप वेळा खेळलेय आणि व्हाईट घेतल्यावर पहिले काही डाव मी सरळ हरले, कारण मी जबरदस्तीने जी४ करायला जायचे. तेव्हा समजलं की कास्पारोव्हसारखा माणूस तिथे ड्रॉला का तयार होतो. तुमच्या डावातही हेच करा, खेळून बघितल्यावर कुणीतरी सहज जिंकतंय असं दिसलं तर ड्रॉ घाईचा होता, आणि तो का घेतला, भीतीने की वेळ कमी होता म्हणून की रेटिंग बघून, ते खरं खरं लिहा. मी माझ्या वहीत तीन ठिकाणी 'समोरच्याचं रेटिंग बघून' असं लिहिलंय आणि तिन्ही डावांत माझी पोझिशन बरी होती.

एवढं झाल्यावरच इंजिन लावा. आणि लावल्यावर आकडा बघू नका, तुम्ही वहीत जिथे प्रश्नचिन्ह टाकलंय फक्त त्या चालींवर जा, इंजिनची पहिली पसंती बघा आणि ती पटत नसेल तर तिच्याविरुद्ध स्वतः चार चाली खेळून बघा, पटत नाही तोवर वहीत उतरवू नका. एका डावाला माझे साधारण दोन संध्याकाळी जातात. पहिल्या संध्याकाळी प्यादी आणि प्रश्न, दुसऱ्या संध्याकाळी खेळून बघणं आणि शेवटची वीसेक मिनिटं इंजिन. वहीचं पान भरलं की वरच्या कोपऱ्यात ओपनिंगचं नाव, त्याखाली ज्या चालीला मी अडले तिचा नंबर. बर्लिनच्या माझ्या पहिल्या पानावर आठ आहे, नंतरच्या एका पानावर पंधरा.